सीयूईटीच्या इंग्रजीत उतारे वेळ खातात, पर्याय दगा देतात: काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी बारावी कला शाखेत, दहावीपर्यंत मराठी माध्यम. सीयूईटी (केंद्रीय विद्यापीठांची सामायिक प्रवेश परीक्षा) देऊन दिल्ली विद्यापीठात किंवा बनारसला जायचं आहे. सराव परीक्षांत इंग्रजीला २५० पैकी १२० च्या पुढे गाडी सरकत नाही. पन्नासांतले पस्तीस-छत्तीस प्रश्न सोडवते, बाकीचे निगेटिव्हच्या भीतीनं कोरे ठेवते. उताऱ्यांत अर्धा वेळ जातो. दोन पर्याय उरले की नेमका चुकीचाच निवडला जातो. व्याकरण "येतं, पण पेपरात चुकतं". आणि शेवटी, रोज शंभर शब्द पाठ करू का?

मी बावीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवतोय, त्यातली बरीचशी मराठी आणि सेमी-इंग्रजीतून आलेल्या मुलांना. तुझ्यासारखी मुलगी दर वर्षी माझ्यासमोर बसलेली असते, म्हणून सविस्तर लिहितो. उदाहरणांतली इंग्रजी वाक्यं देवनागरीत लिहिली आहेत, तू ती वहीत इंग्रजीत उतरवून घे. तो सरावाचाच भाग समज.

आधी कोऱ्या प्रश्नांचं बोलू, कारण तिथं अभ्यास न करता मार्क पडून आहेत.

सीयूईटीत बरोबर उत्तराला ५ मार्क मिळतात आणि चुकलं तर १ जातो. पर्याय चार. डोळे मिटून ठोकलं तर चारांत एकदा बरोबर येईल आणि तीनदा चुकेल, म्हणजे चार प्रश्नांत ५ मिळवले आणि ३ घालवले. निव्वळ २ मार्क, प्रश्नामागे अर्धा. एक पर्याय खात्रीनं खोडता आला तर तीन प्रश्नांत ५ मिळून २ जातात, प्रश्नामागे १. दोन खोडले तर प्रश्नामागे २. तू सोडतेस ते बहुतेक प्रश्न हे "दोन उरले, कळत नाही" या जातीचे आहेत. असे पंधरा प्रश्न सोडले म्हणजे सरासरीनं तीस मार्क टेबलावर ठेवून घरी आलीस.

हे मी आज छातीठोकपणे सांगतोय, पण मीच कितीतरी मुलांना "खात्री नसेल तर सोडा" असं शिकवलंय. दुसऱ्या परीक्षांची सवय होती आणि कागदावर हिशेब मांडलाच नव्हता. ते मार्क त्या मुलांचे माझ्यामुळे गेले, हे मला अजूनही खुपतं.

एक खरं, हा जुगार आहे. एकही पर्याय न खोडता दहा प्रश्न आंधळेपणानं ठोकले तर साधारण चारांत एकदा तोटाच होईल, कारण दहांत दोन तरी बरोबर आले तरच खातं वर राहतं. म्हणून आधी खोडायचं आणि मग ठोकायचं. पण कोरा काहीही ठेवायचा नाही. दुसरी परीक्षा देणार असशील तर हा हिशेब तिथं पुन्हा मांड. क्लॅटमध्ये, म्हणजे कायद्याच्या प्रवेश परीक्षेत, बरोबरला १ मिळतो आणि चुकीला पाव मार्क जातो, तिथं आंधळा अंदाज जवळपास फुकट जातो. एक पर्याय खोडल्यावर मात्र तिथंही थोडं मिळतं. आपल्या महाराष्ट्रातल्या बीबीए-बीएमएसच्या सीईटीत निगेटिव्हच नाही आणि शंभरांतले चाळीस प्रश्न इंग्रजीचे असतात. तिथं प्रश्न कोरा सोडणारा मुलगा बघितला की मला हात जोडावेसे वाटतात.

अजून एक गोंधळ. २०२२ मध्ये सीयूईटी सुरू झाली तेव्हा पन्नासांतले चाळीस प्रश्न सोडवायचे होते आणि वेळ ४५ मिनिटं होती. २०२५ पासून पन्नासच्या पन्नास प्रश्न आणि साठ मिनिटं आहेत. यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ "अवघड दहा सोडून द्या" म्हणतात, ते त्या जुन्या पद्धतीचं आहे. बघताना व्हिडिओ कधीचा आहे ते आधी बघ.

आता उतारे, तुझं खरं दुखणं.

अभ्यासक्रमात तीन प्रकार दिलेत: माहितीपर, कथनात्मक आणि साहित्यिक. प्रत्येक उतारा जास्तीत जास्त तीनशे ते साडेतीनशे शब्दांचा. मिनिटाला दीडशे शब्द हा काही फार वेग नाही, पण त्या वेगानंही साडेतीनशे शब्द सव्वादोन-अडीच मिनिटांत होतात. तीन उताऱ्यांचं नुसतं वाचन सात-आठ मिनिटांचं. समज त्यावर पंधरा प्रश्न आले आणि प्रत्येकाला पाऊण मिनिट दिलं, तरी वीस मिनिटांत सगळं आटोपतं. तुला तीस-पस्तीस लागतात. वरची पंधरा मिनिटं कुठं जातात?

भाषांतरात. तू इंग्रजी वाचत नाहीस, मनातल्या मनात मराठी करून ते मराठी वाचतेस. आणि गंमत अशी की आपल्या भाषेची ठेवणच आपल्याला थांबायला लावते. मराठीत क्रियापद शेवटी येतं. "गावातल्या त्या जुन्या वाड्यात राहणाऱ्या म्हातारबुवांनी काल सकाळी..." इथपर्यंत काय केलं ते कळत नाही, कान शेवटाकडे लागलेले असतात. हीच सवय घेऊन आपण इंग्रजी वाक्याच्या शेवटापर्यंत श्वास रोखून जातो आणि तिथून मागे येऊन अर्थ लावतो. प्रत्येक वाक्य दोनदा वाचलं जातं. इंग्रजीत मात्र क्रियापद कर्त्याच्या मागोमाग येतं, आणि ते कळलं की अर्धं वाक्य हाती आलं.

हे वाक्य बघ:

"द टँक, व्हिच हॅड सर्व्ह्ड द व्हिलेज फॉर जनरेशन्स, फेल इन्टू निग्लेक्ट वन्स टॅप वॉटर अराइव्ह्ड."

माझ्या वर्गात याचं पहिलं भाषांतर असं येतं: "टाकी, जी पिढ्यानपिढ्या गावाची सेवा करत होती, ती एकदा नळाचं पाणी आल्यावर दुर्लक्षात पडली." यात तीन खड्डे आहेत. पहिला, भारतीय इंग्रजीत गावचा 'टँक' म्हणजे बहुतेक वेळा तळं. सिंटेक्सची काळी टाकी डोळ्यांसमोर आणलीस की पुढचा सगळा उतारा विचित्र वाटू लागतो. दुसरा, 'वन्स' म्हणजे इथं 'एकदा' नाही. इथं त्याचा अर्थ 'आलं आणि त्यानंतर' असा आहे. तिसरा, 'फेल' म्हणजे काही पडलेलं नाही, 'फेल इन्टू निग्लेक्ट' हा एकत्र शब्द आहे: हेळसांड झाली.

आता मधला 'व्हिच'पासून 'जनरेशन्स'पर्यंतचा तुकडा बोटानं झाक. उरलं काय? तळं, हेळसांड झाली, नळ आल्यावर. दोन स्वल्पविरामांच्या मधला मजकूर हा पाहुणा असतो, तो बाजूला बसवला की घरातली माणसं दिसतात. लांब वाक्य आलं की पहिलं काम हेच: कर्ता कोण, त्याचं क्रियापद कुठं. बाकीचं नंतर.

या वाक्यावर प्रश्न आला की तळ्याची हेळसांड का झाली. पर्याय समज असे आहेत: पाऊस कमी झाला आणि तळं आटलं. गावाला नळाचं पाणी मिळू लागलं आणि तळ्याकडे कुणी बघेना. तळ्याचं पाणी कधीच पिण्याजोगं नव्हतं. नळ आले की सगळीच तळी नष्ट होतात.

वर्गात पहिल्या पर्यायावर हात वर होतात, आणि ते हात दुष्काळी भागातून आलेल्या मुलांचे असतात. त्यांनी आटलेलं तळं डोळ्यांनी बघितलेलं असतं, टँकरच्या रांगेत हंडा घेऊन उभं राहिलेले असतात. त्यांच्या दृष्टीनं तेच खरं उत्तर. पण उताऱ्यात पावसाचं नाव नाही. तू "दोन उरले की चुकीचा निवडते" म्हणतेस, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं: तू आपल्याला काय पटतं ते निवडतेस, उताऱ्यात काय लिहिलंय ते नाही. तिसरा पर्याय 'पिढ्यानपिढ्या उपयोगी पडलं' या शब्दांनीच खोटा ठरतो. चौथा एका गावाची गोष्ट जगाला लावतो. 'ऑल', 'ऑल्वेज', 'नेव्हर', 'ओन्ली' असे शब्द पर्यायात दिसले की भुवई उंचवायची. ते चुकीचेच असतात असं नाही, पण उताऱ्यानं तेवढं टोकाचं म्हटलंय का हे बघितल्याशिवाय त्यांच्यावर बोट ठेवायचं नाही.

म्हणून दोन पर्याय उरले की स्वतःला एकच प्रश्न विचार: हे मला उताऱ्यातल्या कोणत्या ओळीत दाखवता येईल? ज्या पर्यायाला ओळ सापडते तो घे. दोन्हींना सापडत असेल तर विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणारी ओळ कोणती ते बघ. खरी पण भलत्याच प्रश्नाचं उत्तर देणारी ओळ पर्यायात घालणं ही पेपर काढणाऱ्यांची आवडती खोडी आहे.

आधी प्रश्न वाचावेत की आधी उतारा, यावर शिक्षकांत भांडणं होतात. माझं मत: माहितीपर उताऱ्यात आधी प्रश्नांवर नुसती नजर टाक, पर्याय वाचू नकोस. तारखा, नावं, कारणं कुठं शोधायची ते कळतं. कथनात्मक आणि साहित्यिक उताऱ्यात मात्र आधी उताराच वाच. तिथं सूर महत्त्वाचा असतो, आणि प्रश्न डोक्यात घेऊन वाचणारा माणूस सूर ऐकत नाही, सामान शोधत बसतो.

सुराचंच बघ. "हाउ काइंड ऑफ हिम टू रिमेम्बर अस, आफ्टर ट्वेंटी इयर्स." लेखकाचा सूर कोणता? कृतज्ञ, उपरोधिक, तटस्थ की भयभीत? शब्दाला शब्द लावणारी मुलं 'कृतज्ञ' म्हणतात, कारण 'काइंड' दिसलं. पण आपल्याकडे एखादी आजी "वीस वर्षांनी आठवण झाली हो, केवढी माया!" म्हणते तेव्हा ती आभार मानत नसते हे तुला न शिकवता कळतं. तो कान इंग्रजीलाही लाव. आधीच्या-नंतरच्या ओळी काय सांगतात ते मात्र बघ, नुसत्या एका वाक्यावर सूर ठरवू नकोस.

उताऱ्यातल्या शब्दाचा अर्थ विचारला की तो शब्द ओळखीचा असला तरी वाक्यात परत जा. 'अ ग्रेव्ह मिस्टेक' वर 'थडगं' या अर्थाचा पर्याय ठेवलेला असतोच.

वाक्यांची उलटापालट, ज्याला सगळे पॅराजम्बल म्हणतात, तिथं अर्थ लावत बसण्यापेक्षा गाठी शोधाव्यात. ही चार वाक्यं घे:

पी: "ही हॅड नेव्हर सीन द सी बिफोर."
क्यू: "ॲन ओल्ड फार्मर वन्स केम टू मुंबई टू मीट हिज सन."
आर: "द सन, देअरफोर, टुक हिम टू द बीच दॅट इव्हनिंग."
एस: "हू हॅज पुट सो मच सॉल्ट इन इट? ही आस्क्ड, टेस्टिंग अ हँडफुल."

पी ची सुरुवात 'ही'नं होते, हा 'ही' कोण ते आधी कुणीतरी सांगायला हवं. आर मध्ये 'देअरफोर' आहे, म्हणजे कारण आधी येऊन गेलंय. एस मधलं 'इट' म्हणजे समुद्राचं पाणी, तिथं पोहोचल्याशिवाय चव कशी घेणार? क्यू मध्ये 'ॲन ओल्ड फार्मर' आहे. 'अ' किंवा 'ॲन' म्हणजे माणूस पहिल्यांदा दारात उभा आहे, 'द' म्हणजे ओळख झालेली आहे. (याच वाक्यातला 'वन्स' मात्र खरोखर 'एकदा'चाच. शब्द तोच, काम वेगळं.) उत्तर क्यू-पी-आर-एस. चारही वाक्यांचा क्रम लावायची गरज नसते. पी नंतर आर ही एक गाठ पक्की झाली की ती ज्या पर्यायांत नाही ते खोडायचे, बहुधा एक किंवा दोनच उरतात. जोड्या लावायच्या प्रश्नातही हेच. चार जोड्यांतल्या दोन खात्रीच्या असल्या की पर्यायांवरूनच उत्तर हाती येतं, अवघड दोन जोड्यांशी झटापट करायची नाही.

व्याकरणाला येऊ. "येतं, पण पेपरात चुकतं" याचा अर्थ तुला नियम पाठ आहेत, पण कान मराठी आहे. आपल्या चुका फार ठरलेल्या असतात आणि त्यांचं मूळ बहुतेक वेळा आपल्या प्रत्ययांत असतं.

"मी पुण्याला पोहोचलो." त्या 'ला'साठी आपण 'टू' घालतो: 'आय रीच्ड टू पुणे'. इंग्रजीत 'रीच्ड पुणे', टू नाही. "तो खोलीत शिरला" यातल्या 'त'मुळे 'एंटर्ड इन द रूम' होतं, हवं 'एंटर्ड द रूम'. "आम्ही त्या विषयावर चर्चा केली", म्हणून 'डिस्कस्ड ऑन' किंवा 'डिस्कस्ड अबाउट'. 'डिस्कस' ला शेपूट नको. "ती आईसारखी दिसते", म्हणून 'रिसेम्बल्स लाइक हर मदर', हे 'लाइक' काढून टाक. "तो माझ्यावर रागावला", आणि लगेच 'अँग्री ऑन मी'. हवं 'अँग्री विथ मी'. "तिचं एका डॉक्टरशी लग्न झालं", 'मॅरीड विथ'. हवं 'मॅरीड टू'. 'सुपीरियर', 'इन्फीरियर', 'सीनियर', 'ज्युनियर', 'प्रेफर' यांच्यापुढे 'पेक्षा' म्हणून 'दॅन' येत नाही, 'टू' येतो.

सगळ्यात महाग पडणारा 'पासून'. "गेल्या पाच वर्षांपासून" आणि "२०२० पासून", मराठीत दोन्हीकडे तोच शब्दयोगी अव्यय. इंग्रजीत कालावधी असेल तर 'फॉर', सुरुवातीचा क्षण असेल तर 'सिन्स'. 'सिन्स फाइव्ह इयर्स' हे वाक्य आपल्या अर्ध्या महाराष्ट्राच्या तोंडी आहे, माझ्या सहकाऱ्यांच्याही. त्यालाच लागून येतो काळ: "मी इथं पाच वर्षांपासून राहते" हा मराठीत साधा वर्तमान, म्हणून 'आय लिव्ह हिअर' लिहिलं जातं. हवं 'आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स'. आणि उलट, 'काल' आला की 'हॅव' चालत नाही. 'आय हॅव सीन हिम यस्टर्डे' दिसलं की चूक तिथंच आहे, पुढे शोधत बसू नकोस.

'सल्ले' असं अनेकवचन मराठीत सहज खपतं. इंग्रजीत 'ॲडव्हाइस', 'इन्फॉर्मेशन', 'फर्निचर' यांना 'एस' लागत नाही आणि क्रियापदही एकवचनीच. 'वन ऑफ द'च्या पुढे नाम अनेकवचनी, क्रियापद एकवचनी: 'वन ऑफ द बॉइज इज ॲबसेंट'. 'नायदर-नॉर' मध्ये क्रियापद जवळच्या कर्त्याचं ऐकतं. एवढं पक्कं झालं तर व्याकरणातल्या चुका निम्म्यावर येतील. जाडजूड व्याकरणाचं पुस्तक पहिल्या पानापासून सुरू करू नकोस. तुझ्या मागच्या पाच सराव पेपरांतल्या चुका एका वहीत लिही, प्रत्येकीसमोर 'ला', 'वर', 'शी', 'पासून' यांतलं कोण दोषी आहे ते लिही. पंधरा ओळींच्या वर यादी जात नाही, हा माझा अनुभव.

शब्दसंग्रह. रोज शंभर शब्द पाठ करू नकोस. पाठ होतील, पण "इंग्रजी शब्द बरोबर मराठी अर्थ" असे होतील, आणि त्यातूनच फसगत होते. मराठीत 'सावली' एक आहे. इंग्रजीत झाडाखाली बसतो ती 'शेड' आणि जमिनीवर पडलेली आकृती ती 'शॅडो'. 'ऐतिहासिक' एक, इंग्रजीत इतिहास घडवणारं ते 'हिस्टॉरिक' आणि इतिहासाशी संबंधित ते 'हिस्टॉरिकल'. 'सतत' म्हणजे 'कन्टिन्युअस' की 'कन्टिन्युअल'? न थांबता चाललेलं ते पहिलं, पुन्हापुन्हा होणारं ते दुसरं. पर्यायांत असे जुळे मुद्दाम शेजारी बसवतात.

रोज दहा शब्द पुरेत, पण प्रत्येक शब्द शेजाऱ्यांसकट लिही. नुसतं 'ग्रेव्ह' न लिहिता 'अ ग्रेव्ह मिस्टेक' असं लिही. शिवाय कुळं ओळखायला शिक. 'बेने' म्हणजे भलं आणि 'मॅल' म्हणजे वाईट हे कळलं की 'बेनेव्होलंट' आणि 'मॅलेव्होलंट' कधी न बघताही विरुद्धार्थी म्हणून सापडतात. 'क्रेड' म्हणजे विश्वास: 'क्रेडिबल' विश्वासार्ह, 'क्रेड्युलस' कशावरही विश्वास ठेवणारा, भोळसट, 'इनक्रेड्युलस' विश्वास न बसलेला. एका मुळाला चार-पाच शब्द लटकतात. आणि विरुद्धार्थी विचारलेला असताना समानार्थी निवडणं ही चूक हुशार मुलं जास्त करतात, कारण शब्द ओळखीचा दिसल्यावर त्यांना घाई होते. समानार्थी शब्द तिथं पर्यायांत ठेवलेला असतोच. म्हणून रफ कागदावर आधी 'विरुद्ध' असं खरडायचं आणि मग पर्याय बघायचे. बालिश वाटेल, वाटू दे.

आता प्रत्यक्ष खोलीतलं. पेपर संगणकावर असतो, त्यामुळे उताऱ्याखाली पेन्सिलनं रेघा मारता येत नाहीत. घरी छापील पुस्तकातून सराव करणारी मुलं तिथं जाऊन बावचळतात. शेवटचे दीड-दोन महिने उतारे स्क्रीनवरच वाच, मोबाइलवर नको, शक्य असेल तर कॉलेजच्या संगणक कक्षात किंवा सायबर कॅफेत. रफ कागदावर उताऱ्याच्या प्रत्येक परिच्छेदासाठी दोन-तीन शब्द लिहायची सवय लाव: "तळं – पूर्वी", "नळ आला", "आता काय". प्रश्न आला की कुठं बघायचं ते कळतं.

आणि हे नीट वाच. उत्तर निवडल्यावर 'सेव्ह अँड नेक्स्ट' दाबलं तरच ते साठवलं जातं. पर्यायावर टिचकी मारून तू थेट उजवीकडच्या प्रश्नांच्या आकड्यांवर क्लिक करून पुढे गेलीस तर ते उत्तर राहत नाही. माझ्या एका विद्यार्थ्यानं उताऱ्यांचे सगळे प्रश्न असे इकडून तिकडे उड्या मारत सोडवले आणि शेवटी बघतो तर निम्मे "उत्तर दिलेलं नाही" च्या रंगात. हाताशी चार मिनिटं होती. परत येऊन पुन्हा पर्याय निवडताना त्यातले दोन त्यानं घाबरून बदलले. 'सेव्ह अँड मार्क फॉर रिव्ह्यू' केलेलं उत्तर तपासलं जातं. पण पर्याय न निवडता नुसतं 'मार्क फॉर रिव्ह्यू' करून ठेवलंस तर तिथं काहीच नसतं, त्यामुळे त्या प्रश्नाला तात्पुरतं का होईना एक उत्तर देऊनच ठेव.

क्रमाबद्दल माझा आग्रह एवढाच की उतारे शेवटच्या पंधरा मिनिटांत नकोत. पहिल्या बारा-तेरा मिनिटांत समानार्थी-विरुद्धार्थी, जोड्या, रिकाम्या जागा उरकाव्यात. डोकं कामाला लागतं आणि हातात काहीतरी पडल्याचं समाधान मिळतं. मग वीस-बावीस मिनिटं उतारे, माहितीपर आधी आणि साहित्यिक शेवटी. मग वाक्यांची उलटापालट आणि चुकीचं वाक्य ओळखा. शेवटची सहा-सात मिनिटं राखीव: कोरं काही राहिलं का, आणि दोन पर्यायांवर अडकलेले प्रश्न. तिथं पहिलं उत्तर बदलायचं असेल तर नवीन ओळ दाखवता आली पाहिजे. "आता वेगळं वाटतंय" एवढ्यावर बदलायचं नाही.

एका प्रश्नाला दीड मिनिटावर वेळ लागला की तात्पुरतं उत्तर देऊन पुढे जा. पन्नास प्रश्न, साठ मिनिटं, म्हणजे प्रश्नाला बहात्तर सेकंद. शब्दांच्या प्रश्नांत वाचवलेला वेळ उताऱ्यांना मिळतो.

परीक्षा झाल्यावर तात्पुरती उत्तरसूची येते, तिच्यावर हरकत घेता येते. प्रश्नामागे दोनशे रुपये भरावे लागतात. शब्दार्थांवर हरकत घेऊन पैसे घालवू नकोस. व्याकरणाच्या एखाद्या प्रश्नाची खरोखर दोन उत्तरं बरोबर आहेत असं कुणा जाणत्यानं सांगितलं तरच भर.

आजपासून काय करायचं, तर रोज एक उतारा, घड्याळ लावून, अडीच मिनिटांत वाचून. वर्तमानपत्रातल्या संपादकीय पानावरचा इंग्रजी मजकूर तीनशे शब्दांपर्यंत कापून घेतला तरी चालेल. वाचून झाल्यावर मराठीत त्याचा गोषवारा दोन वाक्यांत मोठ्यानं सांग, घरी आई असेल तर तिला. वाचताना मराठी करायचं नाही, वाचून झाल्यावर करायचं. पहिले आठ-दहा दिवस गोषवारा तुटक येईल आणि अडीच मिनिटांत उतारा संपणारही नाही. महिन्याभरानं दोन सराव पेपर दे आणि त्यातले कोरे, चुकलेले आणि 'ओळ न दाखवता निवडलेले' असे तीन वेगळे आकडे मला कळव, मग पुढचं बोलू.